पाटांची चळत

काका डाळ गाळायचे ती मलमलच्या एका जुन्या उपरण्यातून. मुगाची डाळ मऊ शिजवायची, रवीने फिरवायची, मग उपरणं पातेल्यावर ताणून धरायचं आणि डाळ त्यात हळूहळू ओतायची. खाली पिवळसर पाणी पडायचं, वर लगदा राहायचा. पाण्यात मीठ, जिरेपूड आणि आल्याचा थोडा रस घातला की ते काकूंच्या फुलपात्रात जायचं. लगद्याला हिंग-मोहरीची फोडणी मिळायची आणि तो वरण म्हणून काकांच्या आणि माझ्या पानात पडायचा.

"सत्त्व सगळं पाण्यात उतरतं, बेटा," काका म्हणायचे. "राहिला तो चोथा. तो तुझ्यामाझ्यासारख्या धडधाकट माणसांचा."

हैदराबादेत काचीगुड्याच्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. पुढे ओटा, मागे परस, मध्ये ओळीने खोल्या आणि सगळीकडे शहाबादी फरशी. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरी. काका स्वतः कोर्टातून निवृत्त झालेले, शाळा उर्दू माध्यमातली. सकाळी उर्दू वर्तमानपत्र उजवीकडून वाचायचे आणि संध्याकाळी मराठी पोथी डावीकडून. मुलगा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला होता आणि त्याची रिकामी खोली त्यांनी मला राहायला दिली होती.

मी देगलूरकडची. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आई घर सांभाळून पापड लाटायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी वडिलांना तीनदा दुकानात जाऊन गाठलं नसतं, तर दहावीनंतर माझं लग्नच झालं असतं. त्यांचे आणि वडिलांचे उपकार मी कुठे कुठे आठवावेत? पदव्युत्तर परीक्षा झाल्यावर हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत मला संशोधन साहाय्यक म्हणून घेतलं, तेव्हा वडिलांनी दुकानातला हवा भरायचा पंप खाली ठेवून हात पुसले आणि विचारलं, "म्हणजे नक्की काय करणार तू?" "माणसं काय खातात आणि त्याचं अंगात काय होतं ते मोजणार," मी म्हटलं. त्यांनी जरा विचार केला. "एवढ्यासाठी पगार देतात?" म्हणाले, आणि फार समाधानाने हसले.

काकांच्या घरात पहिल्या दिवशी काकूंनी माझं आडनाव ऐकलं आणि एवढंच विचारलं, "उपासतापास काही असतात का गं तुझे?"

मी नाही म्हटलं.

"बरं झालं. माझे आहेत तेवढे दोघींना पुरतील."

देश बदलायला लागला होता ते दिवस. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बोर्ड लागले होते, गच्च्यांवर केबलच्या तारा ओढल्या जात होत्या. आबिड्सच्या दुकानांत दंड फुगवलेल्या माणसांची चित्रं असलेले शक्तिवर्धक पावडरींचे डबे काचेआड मांडलेले दिसायचे. आमच्या प्रयोगशाळेतही परदेशी तराजू आला होता. त्याच्या भोवती काचेची पेटी होती आणि आपण जवळ श्वास सोडला तरी आकडा हलायचा. सायकलच्या दुकानात वाढलेल्या मुलीला तो तराजू वापरायला मिळतो, याचं मला रोज नव्याने आश्चर्य वाटायचं.

त्या वर्षी आषाढात काकूंना विषमज्वर झाला. काही दिवस दवाखान्यात काढले, ताप उतरला, घरी आल्या. आतडी नाजूक झालेली असतात म्हणून डॉक्टरांनी थोडे दिवस पातळ द्यायला सांगितलं. ते थोडे दिवस संपले कधी, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. काकांनी जन्मात कधी स्टोव्ह पेटवला नव्हता. ते पलंगावरच्या काकूंना विचारून विचारून स्वयंपाक शिकले आणि शिकले ते पहिलं डाळ गाळायलाच. आपल्या हातचं काही काकूंच्या पोटात ठरतंय, त्यांना बाधत नाही, याचा त्यांना एवढा आनंद होता की ते त्यात बदल करायलाच भ्यायचे. भाताची पेज, साबुदाण्याची लापशी, ग्लुकोजचं पाणी आणि वरणाचं पाणी, असं श्रावण अर्धा झाला तरी चाललं होतं.

ताप गेला होता, पण काकूंना उठता येत नव्हतं.

पलंगावरून त्या धरून धरून उभ्या राहायच्या, भिंतीला धरून चालायच्याही. अडचण होती ती खालून वर येण्याची. त्या घरातला संडास परसात होता, दोन पायऱ्या उतरून, जुन्या पद्धतीचा, उकिडवं बसायचा. काका त्यांना धरून नेत, बसवत, बाहेर पाठ करून उभे राहत आणि मग आत जाऊन काखेत हात घालून उचलत.

एका दुपारी मी त्यांची वेणी घालत होते. त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांच्या संसारात यांनी मला कधी उचललं नाही. नव्या नवरीलासुद्धा नाही. आता रोज उचलतात, तेही कुठून!" आणि हसल्या. मग हसू थांबलं. "मला मेल्याहून मेल्यासारखं होतं गं."

त्यातच रविवारी पुण्याहून मुलाचा फोन आला. पुणं लांब आहे म्हणून काका फोनवर ओरडूनच बोलायचे, त्यामुळे सगळं घरभर ऐकू यायचं.

"हौ! हौ! खाते! बसते! … नाही, उठवायला मीच लागतो! … काय? कमोड?"

मुलाचं म्हणणं साधं होतं. तो दिवाळीला येणार होता. तोपर्यंत आईला आपलं आपण उठता आलं नाही, तर दोघांनी त्याच्याबरोबर पुण्याला यायचं. त्याच्या फ्लॅटमध्ये कमोड आहे, लिफ्ट आहे, सगळं आहे. बाबांचंही वय झालंय, त्यांची पाठ गेली तर दोघांना कोण उचलणार? इथल्या घराचं मग बघता येईल. गल्लीतली दोन घरं पाडून इमारती उठतच होत्या.

त्याचं काही चुकत नव्हतं, आणि ते काकूंनाही कळत होतं. म्हणूनच त्या जास्त चिडल्या. "या गावात जन्मले, या गावात लग्न झालं. आणि आता कमोडसाठी गाव सोडू?"

"अगं, तो काळजीने म्हणतो," काका म्हणाले.

"काळजीनेच म्हणतो. म्हणून तर भांडता येत नाही."

तेव्हापासून त्या घरात एकच गोष्ट मोजली जात होती: दिवाळीपर्यंत काकू जमिनीवरून आपल्या आपण उठतील का?

काकांना आशा वाटत होती, कारण त्यांच्या मते काकूंनी अंग धरलं होतं. "चेहरा बघ कसा भरलाय," ते मला म्हणाले. चेहरा खरोखर भरलेला दिसत होता. पण वेणी घालताना मी पाहिलं होतं की हाताच्या बांगड्या कोपराच्या पुढे सरकून दंडावर जातात. आजारापूर्वी त्याच बांगड्या मनगटावरून हलत नसत. त्या संध्याकाळी पाय चेपायच्या निमित्ताने मी काकूंच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. काढला तेव्हा तिथे खळगा राहिला आणि बराच वेळ भरला नाही. भरलं होतं ते पाणी होतं.

प्रथिनं कमी पडली की असं पाणी अंगात साचतं, हे मी प्रयोगशाळेत शिकले होते. आमच्या विभागाला जोडून काही खाटा होत्या. तिथल्या रुग्णांचं ताट जाताना तोललं जायचं, परत आल्यावर उरलेलं तोललं जायचं आणि त्यांची लघवी मोठ्या बाटल्यांत साठवली जायची. प्रथिनांमध्ये नायट्रोजन असतो. आत गेला किती आणि बाहेर पडला किती, यावरून शरीर बांधतंय की मोडतंय ते कळतं. आमच्या विभागाच्या मॅडम तेलुगू होत्या. उंच, कमी बोलणाऱ्या. बोलल्या की हिंदी, इंग्रजी आणि तेलुगू एकाच वाक्यात. त्यांनीच मला समजावलं होतं की स्नायू म्हणजे नुसती ताकद नव्हे, तो शरीराचं कोठारही आहे. निरोगी माणसातही तो रोज थोडा मोडतो आणि रोज थोडा बांधला जातो. तापात शरीराला घाई असते. जंतूंशी झुंजायला नवी प्रथिनं हवी असतात, त्यांना माल हवा असतो. ताटातून आला तर ठीक, नाही तर मांडीतून आणि दंडातून काढला जातो. आणि भाताचं-तुपाचं इंधनही कमी पडत असेल, तर उरलंसुरलं प्रथिनही चुलीत जातं.

मी मॅडमना काकूंबद्दल सांगितलं. त्यांनी पहिलं नाव घेतलं ते अंड्याचं. मी म्हटलं, त्या घरात ते शक्य नाही, आणि तो विषय मी काढणारही नाही. "ठीक आहे, जरुरी नाही," त्या म्हणाल्या. "डाळ खाते ना?"

"डाळीचं पाणी घेते."

"पाणी?" त्यांनी चष्मा काढला. "आणि डाळ कोण खातं?"

घरी येऊन मी हे काकांना सांगायला गेले. ते उपरणं धुऊन दोरीवर वाळत घालत होते. किती निगुतीने! चारही टोकं सारखी. मी आडून आडून सुरुवात केली. काकांनी ऐकून घेतलं आणि कोर्टातल्यासारखे बसले.

"माझी आई हेच द्यायची. तिची आई हेच द्यायची. हिच्या माहेरी हेच देतात. इतके गवाह एका बाजूला. तुझ्याकडे सबूत काय?"

सबूत नव्हता. पुस्तकात असतं म्हणून सांगणं त्यांच्यापुढे मला बरं वाटेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाळलेल्या पाण्यातलं थोडं आणि उपरण्यातल्या लगद्यातलं थोडं मी दोन बाटल्यांत भरून घेतलं आणि मॅडमची परवानगी काढली. त्यांनी फक्त आम्लाची वाफ बाहेर ओढणाऱ्या काचेच्या कपाटाकडे हात केला.

नायट्रोजन मोजायची ती पद्धत जुनी आणि वेळखाऊ. पदार्थ तीव्र आम्लात उकळायचा, काळा होतो, मग बऱ्याच वेळाने पाण्यासारखा निवळतो. त्यातला नायट्रोजन अमोनिया करून दुसऱ्या चंबूत उतरवायचा. त्या चंबूतलं गुलाबी द्रावण अमोनिया शिरला की हिरवं होतं. मग वरून थेंबथेंब आम्ल सोडायचं, ते पुन्हा गुलाबी होईपर्यंत. जितके थेंब लागतात तितका नायट्रोजन. मी दोन्हींचं सारखंच माप घेतलं होतं. लगद्याला मी आम्ल सोडत राहिले, सोडत राहिले. पाण्याचा चंबू मात्र जरासा हिरवा झाला आणि मी नळी नीट धरते न धरते तोच गुलाबीही झाला. खात्री व्हावी म्हणून मी पुन्हा केलं. तेच.

संध्याकाळी मी काकांना आकडे दाखवले नाहीत. घडलं ते रंगांसकट सांगितलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले: दोन्ही बाटल्यांतलं माप खरंच सारखं होतं का, आणि चंबू आधी धुतला होता का. दोन्ही उत्तरं ऐकून त्यांनी दोरीवरच्या उपरण्याकडे बघितलं.

"म्हणजे इतके दिवस पेशंटचं जेवण आपण दोघं जेवत होतो," ते म्हणाले.

आतून काकूंचा आवाज आला. "मग? वरण चांगलं होत होतं का नाही?"

"चांगलं होत होतं," काका म्हणाले.

"झालं तर!"

दुसऱ्या सकाळी दोरीवर उपरणं नव्हतं. काकांनी त्याची घडी करून ट्रंकेत ठेवून दिली होती.

पण घट्ट वरण समोर आल्यावर काकूंना दोन घासांत नको झालं. पोटाला सवयच राहिली नव्हती. काकू म्हणाल्या, "दगड गिळल्यासारखं वाटतंय." मॅडम म्हणाल्या, एकदम भरू नका, प्रत्येक वेळी थोडं थोडं द्या, पण प्रत्येक वेळी द्या, म्हातारपणी एकाच जेवणात सगळं कोंबलं तर शरीर त्याचा उपयोग करत नाही. आणि डाळीबरोबर भात हवाच, दोघं मिळून एकमेकांचं उणं भरून काढतात. मग काकूंनीच तोडगा काढला. "मला मेतकूट भात द्या. तो मी खाईन. पण बाजारचं मेतकूट नको."

त्यासाठी काका आणि मी बेगम बाजारात गेलो. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, थोडे गहू, तांदूळ, मेथी, शिवाय आमटीसाठी शेंगदाणे. काका प्रत्येक पोत्यात हात घालून डाळ तळहातावर घेत, फुंकर मारत आणि दुकानदाराशी दखनीत हुज्जत घालत.

"क्या मियाँ, डाळ है की कंकर?"

"खाके देखो साब, कंकर निकला तो पैसे नक्को देओ."

"दाँत निकला तो?"

दुकानदार एवढा हसला की त्याने शेंगदाणे मापावर मूठभर जास्तच टाकले.

डाळी भाजताना काकूंनी पलंगावरून नुसत्या वासावर हुकूम सोडले. "उडीद खाली काढा, लागतायत. … अहो, मेथी कच्ची आहे अजून." मेतकूट झालं. सकाळी मेतकूट, मऊ भात आणि तूप. दुपारी घट्ट वरण-भात आणि दही. मधे दूध. रात्री शेंगदाण्याची आमटी. मुलाने पुण्याहून पावडरचा मोठा डबाही पाठवला. दंडवाल्या माणसाचं चित्र बघून काकू म्हणाल्या, "हा कोण? याला जेवायला वाढा आधी." दुधात घालून एक घोट घेतला आणि चुना खाल्ल्यासारखा चेहरा केला. डबा फडताळात गेला.

भाद्रपदात पायांची सूज ओसरली. चेहरा उतरला तसे काका घाबरले, पण मी त्यांना सांगितलं की हा खरा चेहरा आहे. बांगड्या दंडावरून कोपरापर्यंत आल्या, मग थोड्या खाली. भूक लागायला लागली. सगळं माझ्या पुस्तकाप्रमाणे होत होतं, फक्त एक गोष्ट सोडून. काकूंना उठता येत नव्हतं. परसातून रोज तशीच हाक यायची, "अहो!" आणि काका तसेच धावायचे.

दिवाळी जवळ येत होती. मी मॅडमना काकूंचं सकाळपासून रात्रीपर्यंतचं खाणं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "खाना ठीक है. तिला उठवतं कोण?"

"काका उठवतात."

"हर बार?"

"हो. फार काळजी घेतात."

"विटा आणून टाकल्यास तू. गवंड्याला सुट्टी देऊन टाकलीस." मग त्या नेहमीपेक्षा जास्त बोलल्या. ज्या स्नायूला काम नाही, तो रक्तातून वाहत आलेलं प्रथिन उचलत नाही. आपण ताट कितीही भरलं तरी ते दारावरून निघून जातं. माझा सगळा अभ्यास ताटाचा होता. पलंगाकडे मी पाहिलंच नव्हतं.

आता काकांना आणखी एकदा सांगायचं होतं. आधी गाळणं बंद करा म्हटलं, आता उचलणं बंद करा म्हणायचं? त्या माणसाने मग बायकोसाठी करायचं तरी काय? मी दोन दिवस गप्प राहिले. आणि ते काम परस्पर झालं.

झालं असं, की काका एकदा पुरणपोळ्या करायला निघाले. पोळीबिळी त्यांना कुठली यायला! नुसत्या वासावर ते शिकवणं काकूंना जमेना. त्या वैतागल्या. "मला स्वयंपाकघरात न्या. मला दिसलं पाहिजे." खुर्ची स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना. तेव्हा काकू म्हणाल्या, "माळ्यावरचे पंगतीचे पाट काढा. एकावर एक ठेवा, मी त्यावर बसते."

त्या घरात पूर्वी मोठ्या पंगती उठायच्या. माळ्यावर शिसवी पाट रचून ठेवलेले होते, कोपऱ्यांना पितळेची फुलं. ते मी पुसून भिंतीला लावून रचले. चांगली स्टुलाएवढी उंच चळत झाली. काकू तिच्यावर बसल्या, दोन्ही हात मांडीवर, जणू न्यायाधीश. काकांची पहिली पोळी फाटली, दुसरी चिकटली. तिसऱ्या वेळी त्यांनी लाटणं उलट्या बाजूने फिरवलं आणि काकूंना राहवेना. "अहो, असं नाही!" म्हणत त्या उठल्या, पुढे झाल्या आणि त्यांच्या हातातलं लाटणं घेतलं.

काका पिठाच्या हातांनी तसेच उभे. मी तशीच उभी.

"काय झालं?" काकू म्हणाल्या. मग त्यांच्याही लक्षात आलं.

दुसऱ्या दिवसापासून काकू स्वयंपाकघरात चळतीवर बसायला लागल्या. मी त्यांना मॅडम काय म्हणाल्या ते सांगितलं आणि विचारलं, "एक पाट कमी करू का?"

"आज नको. उद्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सांगितलं, "काढ एक." त्या बसायच्या, उठायच्या, डब्यातलं काही काढायच्या, पुन्हा बसायच्या. दमल्या की पुरे. त्यानंतर मेतकूट भात. पाट कमी झाला की पहिले एक-दोन दिवस जड जायचे, मग जमायचं. एकदा दोन पाट एकदम काढले तर बसलेल्या उठेचनात, तेव्हा एक परत ठेवला. काकांना मात्र हे बघवायचं नाही. काकूंनी पुढे झुकून जोर लावला की त्यांचे हात आपोआप पुढे यायचे.

"हात मागे!" काकू ओरडायच्या.

"पडशील."

"पडले तर उचला. आधीच उचलू नका."

काका मग हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. इतकं अवघड काम त्यांनी कोर्टातही केलं नसेल. माळ्यावर पुन्हा पाट जमायला लागले आणि भिंतीशी चळत खाली खाली आली. परसातल्या हाका अजून यायच्या, पण कधी कधी काका दारापाशी पोचेपर्यंत काकू दाराला धरून अर्ध्या उठलेल्या असायच्या.

वसुबारसेला मुलगा आला. बरोबर एक घडीची खुर्ची घेऊन आला, मधे भोक असलेली, पायांना रबर. पुण्याला जाईपर्यंतची सोय. समजूतदार मुलगा होता. त्याने ती गाजावाजा न करता परसाच्या दाराआड उभी केली. आईच्या पायांकडे बघितलं, हातांकडे बघितलं आणि म्हणाला, "बरी दिसतेस." पण तिकिटांचं पाकीट त्याच्या बॅगेत होतं हे सगळ्यांना माहीत होतं. काकूंनी त्याच्यासमोर स्वयंपाकघरात जायचंच टाळलं. तेव्हा भिंतीशी दोन पाट होते. एकावरून काकूंना अजून एकदाही उठता आलं नव्हतं.

नरकचतुर्दशीला पहाटे मी उठले तेव्हा स्वयंपाकघरापुढच्या खोलीत समई लागली होती. माझी देगलूरची बस दुपारची होती. मधोमध एक पाट मांडून त्यावर मुलगा उघड्या अंगाने बसला होता, कुडकुडत. त्याच्या मागे दुसरा पाट. एकच. काकू भिंत धरत आल्या, सावकाश खाली वाकल्या आणि त्या पाटावर बसल्या. काकांनी माझ्याकडे बघितलं.

काकूंनी तेल चोळलं. मान, पाठ, दंड. मग उटणं. "किती वाळलास रे. त्या पुण्यात जेवायला देतात का नाही?"

"आई, तू वाळलीस आणि मला म्हणतेस?"

"मी आजारी होते. तुझं काय कारण?"

तेल-उटणं झालं. आता ओवाळायचं, आणि ओवाळायला उभं राहायला हवं. तबक कोनाड्यात होतं. काका पुढे झाले. काकूंनी मान वर करून नुसतं बघितलं. काकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

काकूंनी पाय जवळ घेतले. पुढे झुकल्या. एकदा उठायला गेल्या आणि परत बसल्या. मुलगा वळून बघायला लागला तर म्हणाल्या, "पुढे बघ. तोंड पूर्वेला." मग त्यांनी उजवा हात फरशीवर टेकवला, ओठ घट्ट मिटले आणि उठल्या. फार सावकाश. गुडघे थरथरत होते, पण मधे कुठे थांबल्या नाहीत. उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि तबक आणायला गेल्या.

काळ्या फरशीवर तेलाचा अख्खा पंजा उमटला होता.

मुलाने तो पाहिला. "आई, हात टेकलास तू."

"टेकला तर टेकला. माझाच आहे."

त्यांनी ओवाळलं तेव्हा त्याने मान खाली घातली होती. अंघोळीला जाताना परसाच्या दाराशी थांबून म्हणाला, "बाबा, ही खुर्ची परत घेतात का बघतो."

"राहू दे, माळ्यावर टाक," काका म्हणाले. "आज ना उद्या मला लागेल."

"तुम्हाला लागली तर मग आपण पुण्याला जायचं का?" काकूंनी आतून विचारलं, आणि पहिल्यांदा मुलगा मोठ्याने हसला.

मी तबक जागेवर ठेवत होते. काकू पुन्हा पाटाकडे आल्या, भिंतीला एक हात लावून पुन्हा खाली बसल्या. मला वाटलं, दमल्या.

"ये, बस," समोरच्या पाटाकडे बोट करून त्या म्हणाल्या. "घरी पोचेपर्यंत तुझी अंघोळ राहून जाईल. पारोश्या अंगाने आईपुढे जाशील का?"

मी बसले. त्यांनी वाटीतलं उरलेलं तेल तळहातावर घेतलं आणि माझ्या मानेवर, मग खांद्यांवर चोळायला सुरुवात केली. आमच्याकडे त्या परदेशी तराजूवर श्वासाचंही वजन व्हायचं, पण हे मोजायची सोय त्यात नव्हती. आषाढात त्यांचा हात माझ्या हातावर पडला तर कळायचाही नाही. आता अंगठा खांद्यात रुतत होता.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"दुखू दे थोडं," काकू म्हणाल्या, आणि आणखी जोर लावला.